दारातले दोन तळवे

गेल्या सोमवारी शेठ दारात थांबला तो आत येईचना. रिक्षातून उतरला, चपला काढल्या, नेहमीसारख्या भिंतीला लावून सरळ ठेवल्या आणि उंबऱ्याच्या अलीकडे दोन्ही तळवे पुढे करून उभा राहिला. आमच्याकडे दोन महिन्यांपूर्वी लागलेली मदतनीस मुलगी दारात होती. तिला वाटलं, खाऊ मागतोय. तिने बिस्किट दिलं. त्याने ते कठड्यावर ठेवलं आणि तळवे पुन्हा पुढे केले. सकाळचे साडेनऊ, तरी ऊन चटके देत होतं. मी ऑफिसातून उठून गेले, तांब्यातलं पाणी त्याच्या ओंजळीत घातलं. त्याने हात नाकापाशी नेले, वास घेतला, नाही म्हणून मान हलवली. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. खाली दुसरी रिक्षा थांबलेली, त्यातून व्हीलचेअर उतरवायची होती. शेवटी मी त्याचं मनगट धरलं आणि त्याला आत आणलं. तो आला, विरोध केला नाही. पण दिवसभर कामाला बसला नाही. चादरींच्या दशांना गाठी मारण्यात त्याचा हात धरणारं आमच्या या दिव्यांगांच्या केंद्रात कुणी नाही, त्या दिवशी मात्र चादर मांडीवर घेऊन तो नुसता तळव्यांकडे बघत बसला.

शेठ हे त्याचं खरं नाव नाही. खांद्यावर टॉवेल टाकून पेढीवर निघाल्यासारखा चालतो, म्हणून मावश्यांनी पाडलेलं नाव. वय सव्वीस, बोलणं दहा-बारा शब्दांचं. गेल्या महिन्यात आम्ही भिंतींना रंग दिला. तेव्हा दारातला पायाने दाबायचा सॅनिटायझरचा स्टँड गंजलाय, कुणी वापरत नाही, म्हणून मीच भंगारात काढला होता. हे माझ्या लक्षात आलं ते रात्री, जेवून भांडी आवरताना. आणि मग झोप लागली नाही. स्टँड काढल्याचं काही नाही. पण मी त्याला मनगटाला धरून ओढला होता, आणि तो जे करत होता ते मीच त्याला शिकवलेलं होतं.

शिकवायला आम्हाला चाळीस दिवस लागले होते.

मार्च 2020 मध्ये आमच्या केंद्रात दिवसा एकतीस जण येत होते. जनता कर्फ्यूनंतर बावीस जण घरी राहिले. उरलेल्या नऊ जणांना घर नव्हतं, किंवा घरात त्यांना उचलू शकेल असं माणूस उरलं नव्हतं. ते आमच्याकडेच राहत. शेठ त्यातला एक, पुढे दोन वर्षांनी भाऊ त्याला घरी घेऊन गेला. झोपायच्या खोल्या अंगणापलीकडे आणि जेवायचा, कामाचा मोठा हॉल अलीकडे. हॉलच्या दारात हात स्वच्छ करायचे असं ठरवलं. ठरवायला काय जातं! हात धुण्याच्या पायऱ्या भिंतीवर चिकटवल्या, प्रत्येक पायरीचं चित्र काढलं. मग नेहमीच्या पद्धतीने मागून पुढे शिकवायला घेतलं. आधी सगळं आपण त्याच्याकडून करून घ्यायचं आणि शेवटची एक पायरी त्याच्यावर सोडायची, ती जमली की तिच्या आधीची. अंगठा चोळणं हे शेठला सगळ्यात अवघड गेलं. बाटली दाबायला त्याला आवडायचं, चोळायला नाही. आणि पाणी? आमच्या भागात नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी यायचं. टीव्हीवर सांगत होते, वीस सेकंद हात धुवा, वरचेवर धुवा. नऊ माणसं, त्यांच्या लंगोट्या, चादरी, ताटं, आणि बॅरलमध्ये उरलेलं पाणी, हे गणित मी रोज रात्री काठी बुडवून करत असे. म्हणून धुण्याचं पाणी शौचानंतरसाठी आणि जेवणाआधीसाठी राखायचं आणि बाकी वेळी सॅनिटायझर, असा आमचा नियम झाला. त्यात दोघांना दिसेल ते चाटायची सवय. म्हणजे बाटली कुलपात, किल्ली माझ्या गळ्यात. स्टँड पुढे जूनमध्ये आला, तोवर दारात माणूसच उभं राहून ओंजळीत दोन थेंब टाकायचं.

बाहेर सगळे दोन मीटर अंतर ठेवा म्हणत होते. मला त्या वाक्याचा त्या दिवसांत फार राग यायचा. ज्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवलं नाही तर पाठीला जखम होते, त्याच्यापासून दोन मीटर लांब कसं राहायचं? ज्याला फिट आली की एका कुशीवर करून डोकं धरावं लागतं, त्याच्यापासून? जो आंधळा आहे आणि तुमच्या कोपराला धरून संडासापर्यंत जातो, त्याच्यापासून? आमचं सगळं काम हातांचं. भरवणं, पुसणं, उचलणं, पायांना आधार देणाऱ्या कॅलिपरचे पट्टे बांधणं, लाळ टिपणं. ऐकू न येणारी एक मुलगी होती, ती आमचे ओठ बघून समजून घ्यायची. आम्ही मास्क लावला आणि एका सकाळीत तिच्यासाठी सगळं केंद्र मुकं झालं. मावशीने जुन्या पाकिटातला पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा मास्कच्या मधे शिवला. श्वासाने त्यावर वाफ धरायची, पण हसू दिसायचं. शेठला आणि आणखी तिघांना मास्क लावायचा नाही असं मी ठरवलं, कारण ज्याला गुदमरल्यावर मास्क स्वतः काढता येत नाही, त्याला तो लावणं धोक्याचं. मग त्यांचं रक्षण आमच्या मास्कने, आमच्या हातांनी आणि उघड्या खिडक्यांनीच व्हायचं होतं.

खिडक्या म्हटलं की सोलापूरचा एप्रिल-मे आठवायला हवा. दुपारी अकराला दारं-खिडक्या लावून, ओला टॉवेल पसरून गप्प पडून राहायचं, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. आणि आम्ही मुद्दाम सगळ्या उघड्या टाकत होतो. त्रेचाळीसच्या झळा आत घेत होतो. कूलर बंद खोलीतली हवा फिरवतो म्हणून तो खिडकीबाहेर काढून बसवला. दिवस कलला की खाटा लिंबाखाली. तिथे दुसरी अडचण आली. आमची गल्ली यंत्रमागांची. रात्रंदिवस खडखड, खडखड. नवीन माणसाला झोप लागत नाही आणि आमच्या मुलांना त्याशिवाय लागत नाही. माग थांबले आणि गल्लीत अशी शांतता पसरली की दूरच्या अॅम्ब्युलन्सचा आवाज अंगणात आल्यासारखा वाटायचा. शेठ तर मागाच्या ठेक्यावर पुढे-मागे डोलत झोपी जाणारा. पहिले आठ-दहा दिवस तो रात्री उठून फाटकापाशी कान लावून उभा राहायचा. मग स्वतःच तोंडाने ठक-ठक करायला लागला. अजून करतो.

कागदावर सरकारने आमचा विचार केला होता, हे मला सांगायलाच हवं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं आठवं कलम संकटकाळातल्या संरक्षणाबद्दलच आहे. आणि लॉकडाऊन लागल्यावर दुसऱ्याच दिवशी, 26 मार्च 2020 ला, केंद्राच्या दिव्यांगजन विभागाने मार्गदर्शक सूचना काढल्या. दिव्यांगांची काळजी घेणाऱ्यांना ये-जा करू द्या, त्यांना पास द्या, माहिती समजेल अशा रूपात द्या, असं त्यात स्पष्ट होतं. मी त्याची प्रिंट काढून प्रत्येक मावशीच्या पिशवीत घडी करून ठेवली. नाक्यावर तो कागद कुणी वाचायचं, कुणी नाही. "दवाखाना हाय का तुमचा? नाही ना? मग घरी जावा." मावशी परत जायची आणि आत कुणीतरी ओल्या लंगोटीत तासभर पडून राहायचं.

12 एप्रिलला शहरातला पहिला रुग्ण पाच्छा पेठ भागात आढळला. दुपारपर्यंत तिकडच्या गल्ल्यांना बांबू लागले, पत्रे ठोकले. अक्का तिथून दोन गल्ल्यांवर राहायची.

अक्काबद्दल मी इतका वेळ लिहिलं नाही, कारण तिच्याबद्दल लिहायला लागले की हात अडतो. तेव्हा बारा वर्षं झाली होती तिला आमच्याकडे. घरी तेलुगू, गल्लीत कन्नड-उर्दू, आमच्याशी मराठी. पहाटे उठून सासूबरोबर विड्या वळायची, नऊला केंद्रात. पानं कापून, तंबाखू भरून, दोरा बांधून तिच्या बोटांना जो वास बसलेला, तो साबणाने जायचा नाही. मी किती वेळा बोलले असेन, "अक्का, भरवायच्या आधी हात नीट धू." ती धुवायची. वास राहायचा. तिच्याकडे चिमणी होती. चिमणी म्हणजे तेव्हा चौदा वर्षांची, सेरेब्रल पाल्सी, दिसत जवळजवळ नाही, मूठ वळलेली, वजन चोवीस किलो. घास आला की पिल्लासारखा तोंडाचा आ करते म्हणून चिमणी. पण तो आ ती फक्त अक्कासाठी करायची. अक्का तेलुगूत म्हणायची, "तिनु बिड्डा, तिनु," खा बाळा, खा, आणि मऊ भात, त्यात शेंगाचटणी अगदी बोटभर, असा एकेक घास जायचा. मान किंचित पुढे, गिळल्याचं गळ्यावर बोट ठेवून बघायचं, मगच पुढचा घास. घाई केली की अन्न श्वासनळीत. अर्धा तास, कधी पाऊण तास.

त्या संध्याकाळी मी अक्काला फोन करून सांगितलं की उद्यापासून येऊ नकोस.

दुसरा मार्ग नव्हता, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं आणि आजही बहुधा तेच ठरवेन. आम्ही दोन तुकड्या केल्या होत्या. तीन जणींनी चौदा दिवस आतच राहायचं, मग दुसऱ्या तिघी. दोन्ही तुकड्यांची गाठ पडता कामा नये, हिशेबाची वहीसुद्धा फाटकातल्या पेटीतून जायची. एक तुकडी आजारी पडली तर दुसरी उरायला हवी. यात बंद गल्लीतल्या माणसाला जागा नव्हती. अक्का फोनवर गप्प होती. मग म्हणाली, "बाई, मी रोज आंघोळ करूनच येते. आमी काय घाण हाव का?" मी विषाणूबद्दल काहीतरी बोलत राहिले. पगार चालू राहील असंही सांगितलं. विडी कारखाने बंद, नवऱ्याचा माग बंद, त्या घराला तो पगार लागतच होता. पण ती जे विचारत होती त्याला मी पगाराने उत्तर दिलं, हे मला बोलता बोलताच कळत होतं.

चिमणीने तोंड उघडणं बंद केलं. पहिले दोन दिवस आम्हाला वाटलं, उन्हामुळे. तिसऱ्या दिवशी मी स्वतः भरवायला बसले. हातमोजे, मास्क, वर प्लास्टिकची काच. तिने माझ्याकडे मान वळवली, नाक हलवलं, आणि ओठ घट्ट. अक्काला फोन लावून तिचा आवाज ऐकवला. चिमणी आवाजाकडे वळली, हसली, घास आला की पुन्हा ओठ बंद. बाटलीने, चमच्याने, सिरिंजने पेज घालत राहिलो. मे संपता संपता वजन साडेवीस किलोवर आलं. त्यात तिचा खोकला. हा भाग बाहेरच्या माणसाला कळणं कठीण आहे. खोकला आणि कणकण ही कोरोनाची खूण, आणि आमच्या निम्म्या मुलांना बारा महिने खोकला-कणकण. काय नवं आणि काय नेहमीचं, कसं ओळखायचं? म्हणून आम्ही प्रत्येकाचं 'नेहमीचं' लिहून काढलं. नेहमीचा ताप किती, मिनिटाला श्वास किती, खोकला जेवल्यावर येतो की झोपेत, लाळेचा रंग, झोपेचे तास. त्यात बदल झाला तरच घंटा वाजवायची. सगळीकडे सांगत होते की सहा मिनिटं चाला आणि मग ऑक्सिजन मोजा. न चालणाऱ्याने काय करायचं ते कुणी सांगत नव्हतं. चिमणीच्या थंड, वळलेल्या बोटाला ऑक्सिमीटर 84 दाखवायचा आणि माझ्या पोटात गोळा यायचा. मग तिचा हात दोन्ही हातांत धरून पाच मिनिटं ऊब द्यायची, बोट हळूहळू सरळ करायचं, पुन्हा लावायचा. 97. ती पाच मिनिटं मला अजून आठवतात. अंतर ठेवण्याच्या त्या दिवसांत मी कुणाचा हात इतका वेळ धरल्याचं दुसरं उदाहरण नाही.

जूनमध्ये अक्काची गल्ली उघडली. स्वॅब दिला, चौदा दिवस घरात काढले आणि ती तुकडीत आली. फाटकातून आत आली तेव्हा माझ्याकडे तिने बघितलं नाही. सरळ मोरीवर गेली, हात धुतले, सॅनिटायझर लावलं, मोजे चढवले, सगळं अगदी चित्रातल्यासारखं. आणि चिमणीपाशी बसून "तिनु बिड्डा" म्हणाली. चिमणीने वास घेतला. आ केला नाही. मी दारात उभी होते. अक्काचे खांदे हलताना मी पाहिले.

तिच्या हाताला आता अक्काचा वास येत नव्हता. अडीच महिने विडी नाही, त्यावर स्पिरिट, त्यावर रबर.

रात्री तिने घरी फोन केला. दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा फाटकातल्या पेटीत एक कागदाची पुडी टाकून गेला. अक्काने त्यातली चिमूटभर तंबाखू फडक्यात बांधली आणि फडकं मनगटाला, मोज्याच्या वर. मी बघत होते. बारा वर्षं त्या वासाबद्दल बोलणारी मी. तंबाखू म्हणजे विष हे मला कळत होतं, मुलांच्या जेवणापाशी ती येऊ देणं कुठल्या नियमात बसत नाही हेही कळत होतं. मी काही बोलले नाही. चिमणीने नाक हलवलं, थांबली, पुन्हा हलवलं. आणि तोंडाचा मोठा आ केला.

पुढचं सगळं लिहीत नाही. सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मध्ये आशाताई आल्या, त्यांना आमची 'नेहमीचं' लिहिलेली वही दाखवली. 2021 च्या मार्चमध्ये लस पंचेचाळिशीच्या वरच्या आजारी लोकांना खुली झाली, त्या वीस आजारांच्या यादीत जास्त आधाराची गरज असलेले दिव्यांगही होते. आमचे आप्पा एक्केचाळीस वर्षांचे. डाऊन सिंड्रोमच्या माणसाचं शरीर चाळिशीतच साठीचं होतं, पण ते आधार कार्डावर दिसत नाही. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आप्पा गेले. दवाखान्यात सोबत कुणाला सोडलं नाही. त्यांच्या गळ्यात आम्ही एक कागद अडकवला होता. 'पाणी हवं असेल तर उजवा कान ओढतात. दुखलं तर हसतात. दिवा बंद केलेला चालत नाही.' तो कागद कुणी वाचला की नाही, मला कळलं नाही. 1 मे पासून अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली झाली. घरी येऊन लस देण्याचं सप्टेंबरात जाहीर झालं. चिमणीला मिळाली जानेवारी 2022 मध्ये, अक्काच्या मांडीवर.

आप्पांनंतर आम्ही सगळ्यांचेच कागद केले. प्रत्येकाच्या नावाचं एक ओळखपत्रक. काय आवडतं, कशाला भितो, फिटची गोळी कुठली, किती वाजता, न बोलता काय काय सांगतो. दारामागे खिळ्याला टांगलेलं असतं.

तर सोमवार. आणि मंगळवारी मी सकाळीच नव्या पेठेतून सॅनिटायझरची बाटली आणून खिडकीत ठेवली. शेठ आला, चपला लावल्या, तळवे पुढे केले. मी दोन थेंब टाकले. त्याने चोळले. बोटांच्या बेचक्या, नखं, आणि अंगठे, सगळं. सहा वर्षांत एक पायरी विसरला नव्हता. मला भरून आलं. मी म्हटलं, "झालं, चल." तो हलला नाही. तळवे पुन्हा माझ्यासमोर.

अक्का सोमवारी आली नव्हती, सासू आजारी होती. मंगळवारीही उशीर, कारण नळाला पाणी आलं होतं. दहाला ती घाईघाईने फाटकातून आली, पिशवी कठड्यावर ठेवली आणि जाता जाता, काही न बोलता, शेठचे दोन्ही तळवे धरून नाकापाशी नेले. वास घेतला. "हं." मग स्वतःचे तळवे त्याच्यापुढे धरले. शेठ वाकला, त्याने वास घेतला. "हं," तो म्हणाला, आणि आत जाऊन चादर मांडीवर घेतली.

मी तिला विचारलं, हे कधीपासून? अक्काला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. तेव्हापासूनच की, म्हणाली. तो नुसता दाबायचा, चोळायचा नाही, म्हणून ती दोन्ही हातांना सारखा वास येतोय का ते बघायची. एक दिवस तो म्हणाला, तुझा दाखव. त्याच्या दहा-बारा शब्दांतले दोन. मग रोज. स्टँड रिकामा झाला, गंजला, तरी ते दोघं रोज सकाळी दारात हे करत होते आणि मी दहा पावलांवर ऑफिसात बसून हजेरी भरत होते. आम्ही भिंतीवर चिकटवलेल्या चित्रांत ही पायरी नव्हती.

दुपारी नव्या मुलीने दारामागचं शेठचं पत्रक काढून आणलं. तिचं अक्षर चांगलं आहे, म्हणून भर घालायचं काम तिच्याकडे. तिने लिहिलं, 'दारात दोन्ही तळवे पुढे करतो.' मग पेन थांबवून माझ्याकडे बघितलं. "पुढं काय लिहू, बाई? आपण काय करायचं?"

मी शब्द जुळवत होते. आतून, चिमणीला भरवता भरवता, अक्काचा आवाज आला, "लिही, आपला हात त्याला द्यायचा म्हणावं. वास घेऊ दे."